सम्राट पेंग्विनची 'जन्मभराची साथ': फिरत्या मजकुरात खरं किती?

लग्नाचा वाढदिवस कुणाचाही असो, कोल्हापुरातल्या ग्रुपवर हा मजकूर हमखास येऊन पडतो: 'उत्तर ध्रुवावरचा सम्राट पेंग्विन मादीला सुंदर खडा देतो, जन्मभर एकनिष्ठ राहतो, चार महिने उपाशी अंडं उबवतो. वादळात म्हातारे पेंग्विन कडेला उभे राहून तरुणांना जपतात.' सोबत फोटो राजा पेंग्विनचा! कानाजवळ गडद नारिंगी, ठळक कडांचा पट्टा असला तर तो राजा. सम्राटाचा पट्टा पिवळा आणि छातीच्या पांढऱ्यात विरत गेलेला.

उत्तर ध्रुव: साफ चूक. हा पक्षी अंटार्क्टिकाचा.

खडा: खड्यांची घरटी अ‍ॅडेली आणि जेंटू या दुसऱ्या जातींचे पेंग्विन बांधतात. सम्राटाची वीण भर हिवाळ्यात, गोठलेल्या समुद्रावर होते. तिथे खडा आणायचा कुठून? घरटंच नाही; एकुलतं एक अंडं पायांवर, पोटाच्या कातडीच्या घडीखाली. मादी ते नराच्या पायांवर सरकवते तेव्हा खरी जोखीम. बर्फावर घरंगळलं आणि लगेच उचललं नाही, तर गोठलंच.

एकनिष्ठा: एका हंगामापुरती पक्की. पुढच्या वर्षी तीच जोडी जुळण्याचं प्रमाण साधारण 15 टक्के. घरटं नाही म्हणजे भेटायची ठरलेली जागाही नाही, आणि जुन्या जोडीदाराची वाट बघण्यात अंगावरची चरबी जळते.

चार महिने: हे अर्धं खरं. उपास तेवढा घडतो, पण अंडं उबवणं सुमारे 65 दिवसांचं. बाकीचे दिवस त्याआधी जोडी जमवण्यात जातात. एवढ्यात 38 किलोंचा नर 23 किलोंच्या आसपास येतो. अंडं सोपवून समुद्रावर खायला गेलेली मादी परतायच्या आत पिल्लू बाहेर आलंच, तर नर अन्ननलिकेतला दह्यासारखा स्राव भरवतो.

म्हातारे कडेला: असली नेमणूक कुणाचीच नसते. वाऱ्याच्या बाजूचे पक्षी गारठले की कडेकडेने मागच्या आडोशाला जातात, त्यामुळे सगळा घोळकाच हळूहळू सरकतो. आत जोतिबाच्या यात्रेसारखी रेटारेटी नाही. दर 30 ते 60 सेकंदांनी कुणीतरी 5-10 सेंटिमीटरचं पाऊल टाकतो आणि ती हालचाल लाटेसारखी पसरते. मध्यभागी तापमान 37 अंशांपर्यंतही चढतं. मग उकाड्यानेच घोळका फुटतो.

'आम्ही सहलीत राणीच्या बागेत बघितलाय की' म्हणणाऱ्यांसाठी: ते हम्बोल्ट पेंग्विन, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, चार-पाच किलोंचे.