स्क्रू साऱ्या जगाला एक चालतो, मग प्लेटला काय धाड भरली?

डोकं फिरलंय आज. ट्रायपॉडचं एक हेड, म्हणजे पायांच्या वर कॅमेरा धरून फिरवणारा भाग, घ्यायचंय, फक्त एक हेड, आणि त्यापायी दोन महिने नुसता वैताग चाललाय.

कॅमेऱ्याच्या बुडाला जो स्क्रू बसतो ना, तो पाव इंची, आपल्या फॅब्रिकेशनवाल्यांच्या भाषेत दोन सुताचा, इंचाला 20 आटे, आणि त्याचा मोठा भाऊ तीन सुताचा, तो ट्रायपॉडच्या पायांवर हेड बसवायला. याला जागतिक मानक आहे, आयएसओ 1222. म्हणून कुठल्याबी कंपनीचा कॅमेरा आणा, बसतो. म्हणजे ठरवलं तर जमतं यांना! मग त्या स्क्रूनं कॅमेऱ्याच्या बुडाला जी चार बोटांची प्लेट लावतात आणि हेडमध्ये अडकवतात, तिथं आल्यावरच सगळ्यांची तोंडं चार दिशांना का?

मॅनफ्रोटोची आरसी2 वेगळी, त्यांचीच व्हिडिओची 501 वाली लांब प्लेट वेगळी, बाकीच्यांच्या आपापल्या. एकाच कंपनीच्या दोन प्लेटा एकमेकींच्या हेडवर बसत नाहीत, बोला आता.

"मग आर्का घे की, सगळे आर्काच वापरतात" असं सगळे सांगतात. घेतली. आर्का-स्विस ही मूळची स्वित्झर्लंडची कंपनी, तिची ती साधारण 38 मिलिमीटर रुंदीची, कडा 45 अंशात तिरक्या असलेली प्लेट, आणि बाकी सगळ्यांनी तिची नक्कल मारली. पण नक्कल म्हणजे नक्कल. स्क्रूसारखं कागदावर ठरलेलं मानक नाहीये त्याला, त्यामुळं कुणाची कड जरा जाड, कुणाची खाच जरा उथळ. हेडवर प्लेट धरणारी पकड, म्हणजे क्लॅम्प, नॉबवाला असेल तर पिळून पिळून आवळता तरी येतो, लिव्हरवाला मात्र बहुधा ठरलेल्या रुंदीलाच बंद होतो, प्लेट केसभर अरुंद असली की लिव्हर टक्कन बसतो, आवाज अगदी भरवशाचा येतो, आणि आत प्लेट ढिलीच.

हे मला कुठं कळलं, तर मायणीच्या तलावावर, पहाटे, दोन किलोची लेन्स वर चढवलेली असताना. लिव्हर टक्कन बसला, मी हात काढला, लेन्स पाण्याकडं झुकवली आणि प्लेट सरकन पुढं गेली. पट्टा मनगटाला गुंडाळलेला होता म्हणून वाचलो, नाहीतर दीड वर्षाचे हप्ते चिखलात होते. घरी येऊन प्लेट उलटी करून बघितली, तर खालच्या दोन्ही टोकांना प्लेट सरकू नये म्हणून जे बारके स्टॉप स्क्रू असतात, ते नाहीतच. भोकं पाडलीत, आटे पाडलेत, स्क्रू दिलेच नाहीत. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो "दादा, ते लागत नाहीत शक्यतो." लागत नाहीत? मग भोकं कशाला पाडली?

आणि ते खोक्यावरचं वजन! "15 किलो लोड". कसले 15 किलो? हे वजन मोजायचं कसं याचा सगळ्यांना लागू असा नियमच नाही, ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं छापायचं. सरळ उभ्या रेषेत बरोबर मधोमध वजन ठेवलं तर पेलेल की कुठलंबी हेड, पण आम्ही काय वजनकाटा लावून बसतो का? आमची लेन्स पुढं लटकलेली असते, तिरकी असते, आणि चाळकेवाडीच्या पठारावर असलं तर वारं असतं. तिथं पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या.

तिथलीच गोष्ट, गेल्या सप्टेंबरची. सीतेची आसवं फुललेली, एवढीएवढी जांभळी फुलं, नखावर मावतील अशी. मॅक्रो लेन्स, म्हणजे बारकं जवळनं टिपणारी, ओल्या कातळावर पोटावर पडलोय, फ्रेम लावली, फोकस बरोबर पाकळीच्या कडेवर आणला, बॉल हेडचा, म्हणजे गोळ्यावर सगळीकडं फिरणाऱ्या हेडचा, नॉब आवळला आणि हात सोडला, तर फ्रेम हळूच खाली बसली. आवळल्यावर बसली! फूल अर्धं फ्रेमच्या बाहेर. मग अंदाजानं जरा वर धरायचं, आवळायचं, ते बसंल तिथं बसंल. असं अकरा वेळा केलं, तोवर धुकं उठलं, उजेड कडक झाला, गेलं सगळं. ते हेडसुद्धा खोक्यावर 12 किलोचंच होतं, वर माझा सगळा संसार दीड किलोचा नव्हता. हा खाली बसण्याचा प्रकार कुठलीच कंपनी खोक्यावर छापत नाही, आणि मॅक्रोवाल्याला त्याच्याशिवाय दुसरं काही बघायचंच नसतं.

बरं, हातात घेऊन बघावं म्हटलं तर साताऱ्यात दुकानात तीनच प्रकार, त्यातलेबी दोन मोबाईलचे. बॉल हेड मागितलं की लग्नाच्या शूटिंगचं, दांड्यानं फिरवायचं पॅन हेड पुढं करतात. म्हणजे ऑनलाइन मागवायचं, आल्यावर कळायचं, परत पाठवायचं.

लग्नावरनं आठवलं, राग तिथंच खरा चढला. मागच्या महिन्यात सांगलीला एका मित्राच्या जोडीला शूटिंगला गेलो. त्याच्या ट्रायपॉडवर व्हिडिओचं हेड, त्याची लांब प्लेट, माझ्या कॅमेऱ्याला आर्का. मंगलाष्टकं सुरू झाली, त्याच्या कॅमेऱ्याची बॅटरी बसली, आणि प्लेट खाली अशी बसलेली की ती काढल्याशिवाय बॅटरीचं झाकणच उघडत नाही. "तुझा दे, तुझा दे." माझा दिला तर बसतोय कशाला. माझ्या प्लेटला नाणं लागतं, त्याच्या प्लेटला ॲलन की, आणि खिशात नाणं नाही कारण आता चहाचे पैसेसुद्धा मोबाईलवरनं देतो आपण. मांडवातल्या एका आजींनी कनवटीचं पाच रुपयांचं नाणं काढून दिलं तेव्हा शेवटचं "सावधान" चाललेलं. अंतरपाट हलत्या हातानं शूट झाला. त्या पोरीच्या आयुष्यात तो क्षण परत येणार नाहीये, आणि कारण काय, तर दोन कंपन्यांची प्लेट जुळत नाही.

महागडा कॅमेरा विकणारे तरी शहाणे आहेत का? कॅनन, निकॉन, सोनीच्या बऱ्याच टेलिफोटो, म्हणजे लांबचं टिपणाऱ्या, लेन्सखाली ट्रायपॉडवर बसवायला जो पाय असतो, त्याला आर्काची खाच नसते. टॅमरॉन, सिग्मा त्यांच्या कितीतरी लेन्सना पायातच खाच पाडून देतात, म्हणजे प्लेटच नको. मग लाख-लाखाच्या लेन्सला दोन तिरके काप मारायला यांना काय होतं? वर आणि आम्ही प्लेट घ्यायची, ती गोल फिरू नये म्हणून कड असलेली घ्यायची, उभ्या फ्रेमला एल-ब्रॅकेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला आणि बाजूला बसणारी काटकोनी प्लेट, घ्यायचा, तो आपल्याच मॉडेलचा मिळतोय का बघत बसायचं.

आता ठरवलंय, लिव्हर नको, नॉबवालाच क्लॅम्प. सगळ्या कॅमेऱ्यांना आणि लेन्सना एकाच कंपनीच्या प्लेटा, क्लॅम्पसुद्धा त्याच कंपनीचा, भले महाग पडू दे. कुणाकडं साताऱ्यात किंवा कराडात नॉबवालं चांगलं बॉल हेड असेल तर सांगा, मी माझी मॅक्रो लेन्स घेऊन येतो, आवळून हात सोडून बघतो, फ्रेम खाली बसली नाही तरच पैसे घालणार.