दोन अंशांचं दुखणं

मामाच्या जुन्या ट्रंकेत मॉडेल विमानाचं इंजिन निघालं. साडेसात सीसीचं. हे गडी मिथेनॉलमध्ये कालवलेलं एरंडेल पितं आणि मिनिटाला दहा-दहा हजार फेरे मारतं. लहानपणी नाक दाबून तेच मलाही पाजलं जायचं. माझे फेरे मात्र एकाच दिशेला असत.

विमान तयार होतं, पण इंजिनाचे कान, म्हणजे बोल्ट लावायच्या दोन बाजू, रुंद. इंजिन विमानाला धरून ठेवतो तो माउंट; बाजारातल्या नायलॉनच्या माउंटमध्ये ते काही केल्या बसेना. ‘अॅल्युमिनियमचा करून घेतो,’ असं बायकोला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, ‘‘किती?’’ मी विषय बदलला.

गुलालवाडीतून ६० बाय ६० बाय ५० मिलिमीटरचा ठोकळा आणला. वजन अर्धा किलोच्या जरा आत. त्यातून उरणार जेमतेम ऐंशी ग्रॅम, बाकीचा चुरा. पैसे अर्थात ठोकळ्याचे.

लोअर परळच्या गाळ्यात मिस्त्रींनी माझं ड्रॉइंग उलटसुलट धरून पाहिलं.

‘‘हे वाकडं का?’’

‘‘पंख्याच्या ओढीनं विमान डावीकडे जातं. म्हणून इंजिन दोन अंश उजवीकडे.’’

‘‘म्हणजे विमान उजवीकडे न्यायचंय?’’

‘‘नाही हो, सरळ.’’

‘‘मग इंजिन सरळ लावा की!’’

यावर मी टॉर्क समजावला. हातवारे केले. शेजारच्या गाळ्यातला पोऱ्या दोन्ही हात पसरून विमान झाला आणि डावीकडे कलंडून दाखवू लागला, तेव्हा मिस्त्री ‘‘बरं, बघतो’’ म्हणाले. मुंबईत ‘बघतो’चा अर्थ ज्याला कळतो तो सुखी.

दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या खेपेला माउंट हातात आला. देखणा, चकचकीत. मिस्त्रींनी काटकोन तपासायचा गुण्या लावून दाखवला; फटीतून उजेडसुद्धा येईना.

‘‘तुमच्या ड्रॉइंगमध्ये जरा चूक होती. सरळ करून टाकली. त्याचे वेगळे पैसे नाही लावले.’’

बोलावं तरी काय? मुकाट्यानं घरी आलो. आटे तरी स्वतः पाडू म्हणून नागदेवीहून आणलेला चार एमएमचा टॅप फिरवला आणि तो भोकातच तुटला. परत लोअर परळ.

‘‘आटे पाडताना रॉकेल टाकलं होतं?’’ मिस्त्रींनी विचारलं. मी छताकडे पाहिलं.

टॅपचा तुकडा काढता काढता त्यांना माझी दया आली असावी. डब्यात हात घालून चार वॉशर काढले. ‘‘विमानाला बसवताना डावीकडच्या दोन बोल्टना मागून दोन-दोन घाला. होईल तुमचं वाकडं.’’

गाडीत बसल्यावर मोबाइलवर हिशेब मांडला. एक वॉशर ०.८ मिलिमीटर, दोनांचे १.६, बोल्टांमधलं अंतर ४६. कोन आला दोन अंश. पुन्हा मांडला. दोनच.

दारातच बायकोनं विचारलं, ‘‘किती?’’

‘‘चार,’’ मी म्हणालो, आणि वॉशर दाखवले.