८६.६७ टक्के सभासद

आमच्या सात मजली सोसायटीची लिफ्ट बंद आहे. नवी बसवायची का, यासाठी सेक्रेटरींनी ‘शास्त्रशुद्ध सर्वेक्षण’ केलं. म्हणजे रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकल्या आणि जे जमले त्यांना विचारलं, ‘जिन्याचा त्रास होतो का?’ पंधरापैकी तेरा ‘नाही’ म्हणाले. संध्याकाळी नोटीस बोर्डावर कागद झळकला: ‘८६.६७ टक्के सभासदांना जिन्याचा त्रास नाही!’

त्या ‘.६७’ला माझा साष्टांग नमस्कार. तेरा माणसं म्हटलं की माणसं दिसतात: तळमजल्यावरचे पाटीलकाका, पहिल्या मजल्यावरचं जोशी कुटुंब सहपरिवार, दर शनिवारी सिंहगड चढणारे ते चौघे. त्यांचे टक्के केले आणि वर दोन दशांश स्थळं चढवली की हरकत घ्यायची कुणाची टाप नाही.

ज्यांचे गुडघे गेलेत ते ‘होतो त्रास’ एवढं सांगायला सहा मजले उतरणार कसे? माझी आई गॅलरीतून ओरडली होती, ‘होतो हो!’ पण वरून आलेली मतं ग्राह्य धरत नाहीत म्हणे.

सेक्रेटरींना मी आब्राहम वाल्ड ऐकवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बाँबफेकी विमानं परतायची ती पंखांना, धडाला भोकं घेऊन. इंजिनावर मात्र फारशी नसत. भोकं जिथे जास्त तिथे चिलखत घाला, हा सरळ विचार. कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटातला वाल्ड म्हणाला, इंजिनाला घाला. तिथे गोळी लागलेली विमानं मोजायला परत आलेलीच नाहीत. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ‘विमानाचं राहू द्या हो, लिफ्टचं कोटेशन बघितलंत का?’

पंधरा माणसं कमी, एवढं मात्र त्यांना पटलं. मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल आला. आता मतं भरपूर पडली, पण ग्रुपवर फक्त मालक. वरच्या मजल्यांवर निम्मे भाडेकरू, ते ग्रुपवर नाहीत. त्यांचे मालक डॅलसला. त्यांनी तिथून कळवलं, ‘जिना इज गुड फॉर हेल्थ’, पुढे दंडाचा स्नायू.

मोठ्या आकड्याला भुलणारे आमचेच सेक्रेटरी नव्हेत. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने कल चाचणीसाठी सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांनी जाहीर केलं की रूझवेल्टविरुद्ध उभा असलेला लँडन जिंकणार. पत्ते बरेचसे टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारमालकांच्या यादीतून घेतलेले. मंदीच्या दिवसांत फोन आणि मोटार बाळगणारे कोण, ते सांगायला नको. शिवाय मतपत्रिका परत पाठवायची तसदी घेणारे ते वेगळेच. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. साप्ताहिक दोनेक वर्षांत बंद पडलं. सोसायटीचे सेक्रेटरी असे बंद पडत नाहीत. दुसरा कुणी उभाच राहत नाही, त्यामुळे त्यांची निवड दरवर्षी शंभर टक्के.

परवा वार्षिक अहवाल आला. त्यात रंगीत आलेख: ‘लिफ्टविषयीच्या तक्रारी’. गेल्या वर्षी पंखा बंद, दार अडकतं, मध्येच थांबते, अशा ढीगभर. यंदा रेघ थेट शून्यावर. बंद लिफ्टमध्ये कोण अडकणार? आणि तक्रारवही तळमजल्यावर, वॉचमनच्या टेबलात.

कार्यक्षम देखभालीबद्दल समितीच्या अभिनंदनाचा ठराव पाटीलकाकांनी मांडला. अनुमोदन डॅलसहून ऑनलाइन आलं.