ते वाक्य तुमचं नव्हे

मय्यतीच्या तिसऱ्या दिवसाची जियारत आटोपून दुपारी घरी आले, तेव्हापासून डोकं तापलंय. भांडी घासली, मुलांचे डबे धुतले, इशाची, म्हणजे रात्रीची नमाज पढले, तरी उतरेना. म्हणून लिहितेय. लांब होईल. ज्यांना वाचायचं नाही त्यांनी पुढं जावं.

आमच्या मागच्या गल्लीतलं पोरगं गेलं. कागलच्या एमआयडीसीत कामाला होतं. सेकंड शिफ्ट सुटली, हायवेनं निपाणीपर्यंत नीट आलं, गावच्या रस्त्याला वळलं आणि अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळलं. डबल ट्रॉली. मागची पंक्चर झालेली. ड्रायव्हर टायरला दगड लावून स्टेपनी आणायला गेलेला. ट्रॉलीला टेललाइट नाही, रेडियम नाही, मागं रस्त्यात झाडाची एक फांदीसुद्धा टाकलेली नाही. ऊस हातभर बाहेर आलेला. निपाणी, चिकोडी, संकेश्वर पट्ट्यात गाळप हंगामात रात्रीची गाडी चालवणाऱ्याला यातलं काही समजावून सांगायला नको.

आज तिसरा दिवस. पुरुष बाहेर मांडवात, आम्ही बायका आत त्याच्या आईजवळ. दार उघडं होतं. ट्रॉलीचा मालक आला, सोबत गल्लीतली दोन वडीलधारी माणसं. मालक आपल्यातलाच, पाच वख्ताचा नमाजी. त्यानं फातिहा पढली आणि पोराच्या बापाचा हात धरून म्हणाला, "क्या करते भाई, उसका वख्त पूरा हुआ था. ट्रॉली तो बहाना है." वर सूरे आराफमधली आयत ऐकवली. प्रत्येक उम्मतीची, म्हणजे जमातीची, मुदत ठरलेली आहे, ती आली की घटकाभर मागं होत नाही की पुढं सरकत नाही. बरोबरच्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यातले एकजण म्हणाले, आता पुढं काही वाढवू नका, दावाबिवा नको, मय्यतीचे पैसे घेऊन कुणाचं भलं झालंय?

बापानं मान हलवली. बिचारा काय करणार, मांडवभर माणसं बघत होती.

पण मी आत होते. पोराची आई पहिल्या रात्रीपासून हेच वाक्य बोलतेय. "वख्त था मेरे बच्चे का." त्या वाक्याला धरून ती बसलीय, त्याच्यावर घोटभर पाणी पितेय. बाहेरून तेच वाक्य त्या माणसाच्या तोंडून आलं, तसा तिचा चेहरा बदलला. नंतर ती कुणाशी बोललीच नाही.

आयत खरी आहे. हे आधीच सांगते, नाहीतर उद्या कुणीतरी मला ईमान शिकवायला येईल. तकदीरवर, तिच्या भल्याबुऱ्यावर विश्वास हा ईमानाचा भाग आहे, आणि माझा तो आहे. आईच्या पोटात असतानाच फरिश्ता रोजी आणि आयुष्य लिहितो, ही हदीस, म्हणजे पैगंबर साहेबांचं वचन, मी लहानपणी मदरशात पाठ केलीय. कुठल्या जमिनीवर मरण येणार हे कुठल्याही जिवाला ठाऊक नाही, हेही कुरआनातच आहे. मला त्यातलं काहीही नाकारायचं नाही. मला राग आलाय तो हे कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय आणि कशासाठी म्हणतंय याचा.

माझ्या दादीची गोष्ट सांगते. आमचे आजोबा-दादी तंबाखूच्या शेतात रोजानं जायचे. शेत दुसऱ्याचं, विहीरही त्याचीच. कठडा नसलेली, जमिनीला सपाट. माझे धाकटे चाचा तेव्हा सात वर्षांचे. खेळता खेळता मागं सरकत गेले आणि आत पडले. मी त्यांना पाहिलेलं नाही. घरात त्यांचा फोटोही नाही. दादीनं त्या दिवशी कुणाला दोष दिला नाही, छाती पिटली नाही. अल्लाहनं दिलेलं, अल्लाहनं नेलं, एवढंच म्हणत राहिली. मग शेतमालक भेटायला आले. माणूस वाईट नव्हता, रडतच आला होता. म्हणाला, "माय, त्याचं आयुष्यच तेवढं होतं बघ." दादी त्यांना म्हणाली, "आण्णा, हे मी म्हणायचं. तुम्ही विहिरीचं काय ते बोला."

चाळिसावं व्हायच्या आत विहिरीला कठडा झाला. पैसे त्या मालकांनीच घातले.

माझी दादी शाळेत गेली नव्हती. अंगठा उठवायची. तिला जे कळलं ते आज मांडवात आयती पाठ असलेल्या माणसांना कळू नये? या आयती काय असल्या कामासाठी उतरल्या?

पैगंबर साहेबांच्या लेकीचं मूल शेवटच्या घटका मोजत होतं, तेव्हा तिनं त्यांना निरोप धाडला. त्यांनी उलट निरोप पाठवला, की अल्लाहनं जे घेतलं ते त्याचंच, जे दिलं तेही त्याचंच, आणि त्याच्याकडं प्रत्येक गोष्टीची मुदत ठरलेली आहे, तेव्हा सब्र कर. ही बुखारीतली हदीस आहे. मुदत ठरलेली आहे हे तिथं कोण म्हणतंय? त्या बाळाचा आजा. ज्याचं स्वतःचं काळीज तुटतंय तो, स्वतःच्या लेकीला. लेकीनं पुन्हा बोलावलं तेव्हा ते गेले, बाळाला हातात घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सोबतच्यानं विचारलं, हे काय? तर म्हणाले, ही रहमत आहे. ठरलेली वेळ सांगण्याची ही रीत आहे. रडून. जवळ बसून. आपली ट्रॉली सोडवून घ्यायला नव्हे.

आणि कुणी म्हणेल की वेळ ठरलेली असेल तर मग माणसाला जाब कसा विचारणार? उहुदची लढाई आठवा. हिजरी सन 3, इसवी सन 625. पैगंबर साहेबांनी टेकडीवर पन्नास तिरंदाज उभे केले होते आणि काही झालं तरी जागा सोडू नका असं बजावलं होतं. लूट दिसली आणि बहुतेक जण खाली उतरले. मागून हल्ला झाला. सत्तर माणसं शहीद झाली, त्यात खुद्द पैगंबरांचे चाचा हजरत हमजा. त्याबद्दल सूरे आल-ए-इमरानमध्ये काय आलंय? एकीकडं, तुम्ही घरात बसला असता तरी ज्यांचं मरण लिहिलेलं होतं ते आपल्या मरणाच्या जागी चालत आले असते. आणि दोनच आयती आधी, तुम्ही आपसांत भांडलात, हुकूम मोडलात. दोन्ही एकाच ठिकाणी! मरण लिहिलेलं होतं म्हणून तिरंदाजांची चूक पुसली गेली नाही. त्यांना माफी मिळाली, हो, तीही तिथंच आहे. पण आधी चुकीला चूक म्हटलं गेलं. आमच्या मांडवात चुकीचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही.

मय्यतीच्या पैशांचं म्हणाल तर ते बोलणाऱ्यांनी सूरे निसा उघडून बघावी. चुकून कुणाचा जीव गेला, हेतू नसताना गेला, तरी मेलेल्याच्या घरच्यांना दियत, म्हणजे जिवाची भरपाई, द्यायची, असा हुकूम आहे. वर कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त, वेगळा, आणि त्याची ऐपत नसेल तर लागोपाठ दोन महिन्यांचे रोजे. हे सगळं अल्लाहनंच ठरवलंय ना? ज्यानं मौतीची वेळ ठरवली त्यानंच. मग एक हुकूम मांडवात मोठ्यानं ऐकवायचा आणि दुसऱ्यावर गप्प बसायचं, हे कुठलं दीन? घरचे माफ करू शकतात, तेही त्याच आयतीत आहे. पण माफी घरच्यांनी द्यायची. मालकानं येऊन ती उचलून न्यायची नाही.

पोरानं हेल्मेट घातलं नव्हतं. माहीत आहे मला. आज चौघांनी कानात येऊन सांगितलं. घालायला हवं होतं. झालं?

आता रागाच्या भरात मीही कुणावर अन्याय करायला नको. त्या मालकानं मुद्दाम काही केलं नाही. त्याच्याही घरात पोरं आहेत, कदाचित त्यालाही तीन रात्री झोप नसेल, आणि ते वाक्य त्यानं स्वतःला धीर द्यायलाच उच्चारलं असेल. दादीनं त्या शेतमालकाशी पुढं कधी वैर धरलं नाही. ईदला त्यांच्याकडं शिरखुर्म्याचं भांडं जायचं, दिवाळीला त्यांच्याकडनं फराळ यायचा. तिला त्यांची मान खाली बघायची नव्हती, कठडा बघायचा होता.

कठडा बांधताना म्हणे शेजारचं कुणीतरी तिला बोललं होतं, कठडा घातल्यानं काय मौत टळते? तर ती म्हणाली, "मौत कू आना है तो आतीच है. उसकू वाट हमें कायकू करके देना?"

हेच दुसरे खलीफा हजरत उमरांनीही केलं की. शामकडं, म्हणजे सीरियाकडं, निघाले होते, वाटेत कळलं की तिथं साथ पसरलीय. अमवासची साथ, इसवी सन 638-639 ची. त्यांनी परत फिरायचं ठरवलं. तिथले सेनापती अबू उबैदा म्हणाले, अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर म्हणाले, हो, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडं. एका बाजूला हिरवं रान आणि दुसऱ्या बाजूला वाळलेलं असेल, तर तुझे उंट कुठंही चारलेस तरी ते तकदीरनंच होईल ना, असंही त्यांनी विचारलं. उमरांपेक्षा आमच्या गल्लीतल्या लोकांचं ईमान पक्कं आहे काय?

टेललाइट लावणं हीही तकदीरच आहे, भावांनो. रेडियमची पट्टी लावणं हीही.

रात्र झालीय. मघाशी पुन्हा जाऊन आले पोराच्या आईकडं. दोन घास खाल्ले तिनं. मला म्हणाली, बाजी, मी म्हणत होते ते खरंच होतं ना? मी म्हटलं, खरंच होतं, तू म्हणत राहा. त्याचं तेवढंच होतं आणि तो अल्लाहकडं आहे. एवढंच बोलले. तिथं उहुदही काढलं नाही आणि दियतही नाही. तिला ते लागतही नव्हतं.

बाकीच्यांसाठी मात्र दोन गोष्टी.

दावा दाखल होईल. पोराच्या चाचांशी बोलणं झालंय, चिकोडीतल्या एका वकिलांना विचारलंय. सही घ्यायला जे पुन्हा यायच्या विचारात आहेत, त्यांनी त्या घरी जाऊ नये. काय बोलायचं ते चाचांशी बोलावं.

आणि जुम्म्याच्या नमाजनंतर गल्लीतली पोरं कारखान्याच्या रस्त्यावर थांबणार आहेत. लाल रेडियमचे रोल आणलेत, पैसे जमलेत, कुणाकडं मागायचे नाहीत. माणूस कुठल्याही जातीचा असो, ट्रॅक्टर कुणाचाही असो, थांबवून पट्टी लावायची. ड्रायव्हर बीडकडचे असतात, घाईत असतात, त्यांच्याशी नीट बोला, शिवीगाळ नको. तुमच्या घरचा ट्रॅक्टर असेल तर तेवढी वाट बघू नका, उद्या सकाळीच लावा. डबल ट्रॉली असेल तर मागच्या ट्रॉलीला आधी.