मॅनेजरची कापडी पिशवी

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगात, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या फॅक्टरीत, मी मॅनेजर आहे. घरी मी ओला-सुका कचरा वेगळा ठेवतो, दात घासताना नळ बंद करतो आणि हे बायकोला रोज ऐकवतो. हा गुण घरातच जिरला असता तर बरं होतं. दिवाळीनंतर सीझन लागला आणि मी तो फॅक्टरीत नेला.

पहिला वार चहावर. टपरीवरून चहा यायचा तो प्लास्टिकच्या पन्नीत, वाफाळता, तोंडाला गाठ मारून. सोबत कागदी कप; नावाला कागदी, आतून त्यांनाही प्लास्टिकचाच थर. मी स्टीलचे २४ गिलास घेतले. तिसऱ्या दिवशी उरले ११. काही ट्रकच्या केबिनीत गेले, एक देव्हाऱ्यात अंगाऱ्याखाली सापडला. "धुवाचे कोणं?" हे मात्र सगळ्यांनी एकमुखानं विचारलं. मीच धुतले. काट्यावर नंबर लावून उभे असलेले शेतकरी नंबर सोडून बघायला आले.

मग खर्रा. जिनिंगात काडी पेटवायची नाही. ठिणगी पडली की गंजी खाक. म्हणून बिडीवालेही खर्ऱ्यावर आलेले. आणि खर्रा म्हटला की पन्नी आली. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोट-घोट घोटायचा, खाऊन झाला की पन्नी वाऱ्यावर. ती कापसात गेली तर रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या मशिनीत, चिंध्या होऊन १७० किलोच्या गाठीत बसते आणि थेट सूतगिरणीत तोंड दाखवते. म्हणजे माझं पर्यावरण आणि सेठजींचा धंदा चक्क एका बाजूला! मी म्हटलं, पळसाच्या पानात घोटा. एका हमालानं इमानदारीनं घोटला. पान फाटलं, खर्रा माझ्या आवक रजिस्टरवर.

"साहेब, आता पान खाऊ का रजिस्टर खाऊ?"

तरी मी थांबलो नाही. नागपूरहून ६० कापडी पिशव्या मागवल्या, हिरव्यागार, वर ‘झाडे लावा’. नारळ फोडला, भाषण ठोकलं: आपण कापसाची माणसं, आपल्या हातात प्लास्टिक शोभत नाही. टाळ्या पडल्या.

नानाजी आमचे ग्रेडर. चिमूटभर रुई ओढून धाग्याची लांबी सांगणारा माणूस. त्यांनी पिशवी दोन बोटांत चोळली आणि हळूच म्हणाले, "साहेब, जरा गेटाबाहेर येता का जी?"

टपरीमागे त्यांनी पिशवीचा कोपरा कापून काडी लावली. कापूस जळला की जळक्या कागदासारखा वास येतो, मागं भुरभुरीत राख राहते. हा कोपरा आक्रसला, वितळला, थेंब होऊन गळला आणि दगडावर टणक मणी झाला. नानाजींनी तो नखानं वाजवून दाखवला.

"प्लास्टिकच हाये जी हे. कापडाचं सोंग घेऊन आलं."

पॉलिप्रॉपिलीन. विणलेलं नाही, नुसतं चिकटवलेलं. झिजलं की तंतू सुटणार, आणि कुठं, तर कापसात. आणि ते मी नारळ फोडून वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पिशव्या परत मागितल्या. बाया खवळल्या, "देल्लेली वस्तू वापस मांगता काहून जी?" शेवटी पळसवाल्या हमालाकडे गेलो. त्यानं पिशवीचे चौकोनी तुकडे केले होते. एकात खर्रा घोटणं चालू होतं.

"पन्नीपेक्षा मजबूत हाये, साहेब," तो खूश होऊन म्हणाला. "अन धुताबी येते."