बाल्कनीतला सेन्सर रस्त्यावरच्या गाड्या मोजत नाही

थंडी पडली की पुण्यात हवेचा निर्देशांक (एक्यूआय) दाखवणाऱ्या ॲपचे स्क्रीनशॉट फिरायला लागतात. ‘कर्वे रोड १८०, बघा गाड्यांनी काय करून ठेवलंय!’ आकडा बरोबर असेलही, पण त्यावरून गाड्यांबद्दल काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा हवेतलाच असतो.

आधी आकड्याचंच बघू. आपल्याकडचा अधिकृत निर्देशांक सूक्ष्म कणांसाठी २४ तासांची सरासरी घेतो, त्यामुळे सकाळी नऊची कोंडी त्यात विरघळून जाते. शिवाय काही ॲप भारतीय पट्टी वापरतात, काही अमेरिकन. पीएम २.५ (२.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल तर भारतीय निर्देशांक १०० दाखवतो आणि अमेरिकन १५०च्या वर जातो. हवा तीच, त्यामुळे भांडायचं असेल तर मायक्रोग्रॅममध्ये भांडा.

पण खरं घोडं पेंड खातं ते कणांच्या आकारापाशी.

सायलेन्सरमधून नुकताच बाहेर पडलेला धूर म्हणजे मुख्यतः ०.०१ ते ०.२ मायक्रॉनचे कण. संख्येने अफाट, वजनाला जवळजवळ शून्य. २५ नॅनोमीटरचे (म्हणजे ०.०२५ मायक्रॉनचे) दहा लाख कण एकत्र केले तर २.५ मायक्रॉनच्या एका कणाएवढं वजन भरतं (घनता सारखी धरली तर). म्हणजे वजनाच्या हिशेबात धुराचा सगळ्यात ताजा भाग दिसतच नाही. दुसऱ्या टोकाला ब्रेकची पूड, टायरची झीज आणि चाकांनी उडवलेली माती. या कणांतले बरेच २.५ मायक्रॉनपेक्षा मोठे.

आता दोनेक हजारांत मिळणारा लेझर सेन्सर घ्या, उदाहरणार्थ पीएमएस ५००३. आतला छोटा पंखा हवा ओढतो, लेझरच्या झोतातून कण जातात, विखुरलेला प्रकाश तो टिपणाऱ्या फोटोडायोडवर पडतो आणि आतली चिप त्यावरून वजनाचा अंदाज करते. ०.३ मायक्रॉनखालचे कण त्याला जेमतेम दिसतात. मोठे कण आतल्या वळणावळणाच्या वाटेत झोतापर्यंत नीट पोचत नाहीत, त्यामुळे त्याचा पीएम १० चा (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) रकाना बहुतांशी लहान कणांवरून लावलेला अंदाज असतो. रस्ता झाडणारा झाडू समोर धुळीचा लोट उठवत असला तरी आकडा फारसा हलत नाही. ताजा धूर आणि रस्त्याची धूळ, वाहनांच्या प्रदूषणाच्या या दोन्ही बाजू सेन्सरच्या दोन आंधळ्या कोपऱ्यांत जातात. मग त्याला दिसतं काय? मधल्या आकाराचे, जुने झालेले, अख्ख्या शहरावर पसरलेले कण. ते तो बऱ्यापैकी सांगतो, आणि त्या कामासाठी तो जरूर लावावा.

त्यात भर दमटपणाची. ७५-८० टक्के आर्द्रतेच्या पुढे कण पाणी शोषून फुगतात. नेहमीच्या सूत्रात पाणी शोषण्याचा गुणांक ०.३ धरला तर ८५ टक्क्यांना वाचन कोरड्या वजनाच्या साधारण दुप्पट येतं. हवा मोजणाऱ्या सरकारी केंद्रातल्या बीटा यंत्रात हवा आधी तापवून कोरडी करतात, मग फिल्टरच्या पट्टीवर कण साठवून बीटा किरण किती अडले ते मोजतात. तुमच्या डबीत हीटर नाही. म्हणून डिसेंबरच्या पहाटे तिचा आकडा भडकतो आणि दोष दुधाच्या टेम्पोवर येतो. दुरुस्तीसाठी इंटरनेटवर सापडणारं अमेरिकन सूत्र (वाचन गुणिले ०.५२४, वजा आर्द्रता गुणिले ०.०८६२, अधिक ५.७५) डोळे झाकून चिकटवू नका. ते तिकडच्या हवेवर आणि तिकडच्या संचांवर बसवलेलं आहे. मुंबईच्या पावसाळ्यात ते कसं वागेल, हे जवळच्या केंद्राशी ताडून पाहिल्याशिवाय कोणी सांगू नये.

तरीही हातात दोन स्वस्त सेन्सरच असतील तर रस्त्याबद्दल थोडंफार बोलता येतं. अट एकच: आकडा नाही, फरक मोजायचा.

दोन्ही सेन्सर आधी आठ-दहा दिवस एकाच जागी शेजारी-शेजारी चालवा आणि तासाच्या सरासऱ्या एकमेकांसमोर मांडा. उत्पादक स्वतःच १०० मायक्रोग्रॅमपर्यंत अधिक-उणे १० ची चूक मान्य करतो. रस्ता आणि गल्ली यांतला फरक ८ निघाला आणि ही शेजारची चाचणी केलेलीच नसेल, तर त्या ८ ला काही अर्थ नाही. मग एक सेन्सर रस्त्याच्या कडेला दोन-तीन मीटर उंचीवर लावा, दुसरा त्याच भागात रस्त्यापासून २००-३०० मीटर आत. लॉस एंजेलिसच्या ४०५ आणि ७१० महामार्गांलगतच्या, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत अतिसूक्ष्म कणांची संख्या वाऱ्याच्या दिशेने ३०० मीटरवर आजूबाजूच्या हवेइतकी खाली आली होती. आतली जागा निवडताना स्वयंपाकघराची खिडकी, बेकरी, तंदूर, देवळाचा गाभारा आणि वॉचमनची शेकोटी यांपासून लांब राहा. शेकोटीने जितका डेटा नासवलाय तितका कुणीच नाही. निम्म्या काळानंतर दोन्ही सेन्सरची अदलाबदल करा. फरक जागेबरोबर राहिला तर तो रस्त्याचा, सेन्सरबरोबर हलला तर सेन्सरचा.

जोडणीत फसणाऱ्या गोष्टी ठरलेल्या. या सेन्सरला ५ व्होल्ट लागतात, पण डेटाच्या तारा ३.३ व्होल्टच्या. स्वस्त चार्जर आणि लांब केबल लावली की व्होल्टेज पडतं, पंखा मंदावतो आणि वाचन शांतपणे चुकत राहतं. हवा आत जाण्याचं भोक आणि बाहेर पडण्याची जागा जवळजवळ असतात. बंद डबीत ठेवलं तर तो तीच हवा पुन्हा पुन्हा पितो, म्हणून मध्ये आडभिंत हवी. तोंडावर बारीक जाळी लावा, नाहीतर कोळी आत संसार मांडतो. आर्द्रतेचा सेन्सर त्याच डबीत ठेवू नका, आतल्या उष्णतेने तो कोरडेपणा दाखवतो. सेन्सर झोपवून उठवत असाल तर पहिल्या ३० सेकंदांची वाचनं टाकून द्या. एकाच वाचनाचे दोन रकाने येतात, ‘सीएफ १’ आणि ‘ॲटमॉस्फेरिक’. कमी प्रदूषणात दोन्ही सारखे असतात, जास्तीत दुसरा बराच खाली येतो. कोणता वापरला ते लिहून ठेवा. आणि घड्याळ! सेन्सरची पोर्टल बहुधा ग्रीनिच वेळ ठेवतात, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा डेटा भारतीय वेळेत. साडेपाच तासांच्या घोळात संध्याकाळची कोंडी भर दुपारी दिसते.

सरकारी मोजणी केंद्राचा डेटाही डोळसपणे वाचा. चार-पाच तास अगदी तोच आकडा आला तर यंत्र अडकलंय. पीएम चढलंय पण गाड्यांच्या धुरात असणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांत हालचाल नाही, तर गाड्यांआधी कचऱ्याच्या जाळाकडे बोट करा. आणि सकाळचा उंचवटा निम्मा-अर्धा हवेच्या खाली दबलेल्या थराचाही असतो. ऊन चढल्यावर तो थर वर उठतो आणि गाड्या तेवढ्याच असूनही आकडा उतरतो.

वाहनांचा माग खरंच काढायचा तर काजळी मोजावी, किंवा कणांची संख्या. काजळीसाठी एथॅलोमीटर: फिल्टरवर हवा ओढायची आणि ८८० नॅनोमीटरचा प्रकाश किती अडतो ते बघायचं. ३७० नॅनोमीटरलाही मोजणारं यंत्र असेल तर लाकूड-कचऱ्याचा धूर आणि डिझेलची काजळी बरीचशी वेगळी करता येते, कारण लाकडाचा धूर कमी तरंगलांबीला जास्त प्रकाश शोषतो. हातात मावणारी यंत्रंही आहेत, पण त्यांची नाटकं सांभाळावी लागतात. फिल्टरचा ठिपका काळा होत गेला की वाचन खरं त्यापेक्षा कमी येतं, म्हणून पट्टी वेळेवर बदला. दुचाकीवर खड्ड्याचा दणका बसला की खोटा उंचवटा. एसी बसमधून बाहेर उतरलात की आर्द्रतेची उडी. सेकंदासेकंदाच्या नोंदीत उणे आकडे येतात, ते खोडू नका. ते खोडले तर सरासरी वर सरकते. मिनिटभराची सरासरी घ्या, ते आपोआप मिटतात. कणांच्या संख्येसाठी अल्कोहोलच्या वाफेने कण फुगवून मोजणारं यंत्र लागतं. ते महाग आहे, आणि आडवं झालं तर अल्कोहोल लेन्सवर जातं.

माझं मत विचाराल तर चौकाचौकात निर्देशांकाचे झगमगते बोर्ड लावण्यापेक्षा महापालिकांनी काजळीची यंत्रं जोडीने घ्यावीत, एक रस्त्यावर आणि एक आत, आणि मिनिटाचा कच्चा डेटा खुला करावा. आणि पीयूसी, म्हणजे गाडीची प्रदूषण तपासणी? डिझेल गाडीची धुराच्या अपारदर्शकतेवर परीक्षा घेणं म्हणजे जे डोळ्याला दिसतं तेवढंच मोजणं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ (वाहनांच्या धुराचं भारतीय मानक) डिझेल गाड्यांना कणांच्या संख्येची मर्यादा आहे, किलोमीटरला साठ हजार कोटी, आणि ती पाळायला धुराच्या वाटेत कण अडवणारा फिल्टर बसवलेला असतो. तो काढून टाकलाय की तडकलाय हे अपारदर्शकतेच्या चाचणीत सहज निसटतं. जर्मनीने जुलै २०२३ पासून नियमित तपासणीत कण मोजायला सुरुवात केली, मर्यादा घनसेंटीमीटरला अडीच लाख. आपण अजून धूर काळा दिसतो का यावर अडलोय.

काजळी मोजायला सुरुवात कुठून करावी, याचं उत्तर पुण्यात तयार आहे. ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रोडचा काही भाग वाहनांना बंद ठेवायला महापालिकेने २०२१ मध्ये सुरुवात केली. दोन्ही बाजूंना सलग इमारती, मध्ये अरुंद रस्ता, वारा वरून निघून जातो. काजळी मोजायला यापेक्षा चांगली जागा नाही. त्या दिवसाच्या आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यात तोच वार धरून मोजा, आतल्या एखाद्या गच्चीवर दुसरं यंत्र ठेवा, आणि तिसरं कुमठेकर रस्त्यावर, कारण वळवलेल्या गाड्या कुठेतरी जाणारच.