'अडीच वर्षे घरबसल्या पगार': अमेरिकी कामगारांविषयीच्या एका दाव्याची तपासणी

'अमेरिकेत कारखाना मेक्सिकोला किंवा चीनला गेला, की सरकार कामगारांना अडीच वर्षे घरबसल्या पगार देते, फुकट शिकवते आणि नवी नोकरी कमी पगाराची मिळाली तर फरकही भरून देते. एवढे लाड झाल्यावर कामाला जाणार कोण?' असा मजकूर हल्ली फार फिरतो. तो निव्वळ थाप असता तर सोडून देता आला असता. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक तपशील 'ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स' (टीएए) या, परदेशी व्यापारामुळे नोकरी गेलेल्या कामगारांना मदत करणाऱ्या, खऱ्या योजनेतून उचललेला आहे आणि दर वेळी तिथली अट तेवढी गाळलेली आहे.

पहिली चूक 'देते' या वर्तमानकाळात आहे. केनेडी यांच्या कारकिर्दीत, १९६२च्या व्यापार कायद्याने सुरू झालेल्या या योजनेची मुदत काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) वाढवली नाही, त्यामुळे १ जुलै २०२२ पासून नवे अर्ज तपासून पात्रता देण्याचा कामगार खात्याचा अधिकारच संपला. त्याआधी पात्र ठरलेल्यांचे लाभ तेवढे चालू राहिले.

आता 'घरबसल्या पगार'. २०१५च्या कायद्यानुसार कमाल मुदत १३० आठवड्यांची होती हे खरे. परंतु त्यात नेहमीच्या बेरोजगारी भत्त्याचे आठवडेही धरलेले होते आणि पुढची रक्कम पगाराएवढी नसून त्या भत्त्याएवढीच होती. हा भत्ता अनेक राज्यांत जुन्या वेतनाच्या निम्म्याच्या हिशेबाने ठरतो आणि त्यावर कमाल मर्यादा असते. मिसिसिपीत ही मर्यादा आठवड्याला २३५ डॉलर आहे. शिवाय ठरलेल्या २६ आठवड्यांत मान्यताप्राप्त प्रशिक्षणात नाव नोंदवले नाही किंवा त्यातून रीतसर सूट मिळवली नाही, तर ही पुढची रक्कम हातची जात असे, आणि शेवटचे १३ आठवडे अभ्यासक्रम पुरा करू पाहणाऱ्यांसाठीच राखलेले होते. उदार मदतीची ख्याती बहुधा १९७४च्या कायद्यातून आलेली असावी: तेव्हा जुन्या वेतनाच्या ७० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळे. रेगन सरकारने १९८१ मध्ये ती बेरोजगारी भत्त्याच्या पातळीवर आणून ठेवली.

सर्वांत दिशाभूल करणारे शब्द मात्र 'कारखाना गेला, की' हे आहेत, कारण आपोआप असे काहीच होत नव्हते. १९६२च्या कायद्यातली कसोटी इतकी कडक होती की १९६९पर्यंत एकाही कामगार गटाला पात्रता मिळाली नाही. पुढे नियम सैल झाले, तरी कामगारांच्या गटाने, युनियनने, कंपनीने किंवा राज्य यंत्रणेने अर्ज करायचा, तोही कपात झाल्यापासून वर्षाच्या आत, आणि मग तपासनीसांनी कंपनीकडून विक्री-उत्पादनाचे आकडे मागवायचे, ग्राहक कंपन्यांना 'तुम्ही तोच माल बाहेरून घेऊ लागलात का' असे विचारायचे, ही रीत कायम राहिली. म्हणजे ज्या मालकाने काढून टाकले, त्याच्याच कागदांवर कामगाराची पात्रता ठरायची. २००२च्या नियमांत तर आणखी एक मेख होती. उत्पादन मेक्सिकोसारख्या मुक्त व्यापार करार असलेल्या देशात हलवले तर ते स्थलांतरच पुरेसे धरले जाई. तेच यंत्र, तेच काम चीनला गेले, तर तशा मालाची अमेरिकेतली आयात वाढली आहे किंवा वाढण्याची शक्यता आहे हेही दिसावे लागे. हा भेद २००९ मध्ये काढला गेला आणि जुलै २०२१ मध्ये, योजनेच्या अखेरच्या वर्षात, पुन्हा लागू झाला. शेजारच्या कारखान्यात यंत्रमानव बसवल्यामुळे नोकरी गेलेल्याला तर या योजनेत कधीच जागा नव्हती. त्याच्या वाट्याला साधा बेरोजगारी भत्ता.

'फरकही भरून देते' याबाबत फार लिहायला नको. २०१५च्या नियमांत फरकाची निम्मी रक्कम मिळे, तीही पन्नाशी गाठलेल्यांना, नवे उत्पन्न वर्षाला ५०,००० डॉलरपेक्षा जास्त नसेल तरच, दोन वर्षांत मिळून जास्तीत जास्त १०,००० डॉलर. नोकरी धरल्याशिवाय यातला एक डॉलरही मिळत नसे, त्यामुळे आळशीपणाचा पुरावा म्हणून हीच तरतूद पुढे करणे जरा गमतीचे आहे.

उरला प्रश्न, मदतीने माणसे कामाला नाखूश होतात का. दावा करणाऱ्यांना सोयीचा पुरावा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही: कामगार खात्यासाठी मॅथेमॅटिका या संशोधन संस्थेने केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात, लाभार्थींची चौथ्या वर्षातली कमाई तुलनेच्या गटाहून कमी आढळली. यातला काही भाग प्रशिक्षणात गेलेल्या वेळाचा आहे, सगळा नव्हे. उलट बाजूला, अर्ज सढळ किंवा कडक तपासनीसाकडे जाण्याच्या योगायोगाचा आधार घेऊन अर्थतज्ज्ञ बेंजामिन हायमन यांनी केलेल्या अभ्यासात, मदत मिळालेल्यांची दहा वर्षांची एकूण कमाई सुमारे ५०,००० डॉलरने जास्त निघाली, जरी दहाव्या वर्षापर्यंत हा फरक मावळत गेला. दोन्ही निष्कर्षांवर वाद घालता येतो. पण चिनी आयातीचा फटका बसलेल्या भागांचा अर्थतज्ज्ञ डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी २०१३ मध्ये मांडलेला हिशेब पाहिला, तर सरकारी मदतीतली वाढ मुख्यतः वैद्यकीय साहाय्य, अपंगत्व भत्ता आणि निवृत्तिवेतन यांत दिसते. ज्या योजनेने कामगारांना बिघडवले असे सांगितले जाते, त्या टीएएचा वाटा त्यात नगण्य होता.